राजीनामा घेतला जातो, दिला जात नाही

आयटीतल्या नोकरकपातीची चर्चा बहुतेक वेळा किती जण गेले एवढ्यावरच थांबते. ते कागदोपत्री कसे गेले, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने वर्षभरात सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करणार असल्याचे जाहीर केले. त्यांत मुख्यतः मधल्या व वरच्या फळीतले लोक असतील, हेही सांगितले. जूनअखेर ६ लाख १३ हजारांच्या घरात असलेली कर्मचारीसंख्या सप्टेंबरअखेर ५ लाख ९३ हजारांवर आली. त्यापैकी कपात म्हणून कंपनीने सांगितलेला आकडा साधारण सहा हजारांचा होता. बाकीच्यांपैकी अनेक जण चांगली संधी मिळाली म्हणून गेलेही असतील. पण कोण आपणहून गेले आणि कोणाला जावे लागले, हे कोणत्याही कंपनीच्या तिमाही आकड्यांवरून बाहेरच्याला कळू शकत नाही.

हिंजवडीतल्या एका कंपनीत (नाव घेत नाही) माझ्या एका मित्राला प्रोजेक्ट संपल्यावर बेंचवर, म्हणजे नव्या कामाच्या प्रतीक्षेत, बसवले आणि काही आठवड्यांनी एचआरने मीटिंगला बोलावले. राजीनाम्याचा मजकूर तयारच होता. आज पाठवलास तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, नाहीतर टर्मिनेशनची नोंद होईल आणि पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ती दिसेल, असे अत्यंत सौम्य शब्दांत सांगण्यात आले. पोर्टलवर कारण निवडायच्या यादीत उच्च शिक्षण होते, विवाह होता, स्थलांतर होते. ‘कंपनीने सांगितले म्हणून’ असा पर्याय अर्थातच नव्हता. त्याने ‘वैयक्तिक’ निवडले. शेवटच्या दिवसाबरोबर आईवडिलांचा ग्रुप मेडिक्लेमही संपला, आणि सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला नवी पॉलिसी कोणत्या हप्त्यात मिळते, हे ज्यांनी चौकशी केली आहे त्यांना ठाऊक असेल. आता प्रत्येक मुलाखतीत त्याला विचारतात, हातात दुसरी ऑफर नसताना नोकरी का सोडलीत?

वर्षभराहून अधिक सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचे असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने पुनर्कौशल्य निधीत (कमी केलेल्यांना नवी कौशल्ये शिकता यावीत यासाठीच्या) आणखी पंधरा दिवसांचे वेतन भरण्याची जबाबदारीही मालकावर टाकली आहे. राजीनामा देणाऱ्याला यातले काहीच लागू होत नाही. पदनामात मॅनेजर असेल तर तुम्ही कामगारच नाही, असे वर ऐकवले जाते. वास्तविक न्यायालये पदनामापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहतात.

हिंजवडीजवळच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत निदान युनियनचा माणूस अशा वेळी शेजारी बसतो. आपण मात्र, युनियन ही निळ्या कॉलरवाल्यांची भानगड असे म्हणत वर्षे काढली आणि त्या खोलीत एकटेच जाऊन बसतो.

म्हणून अशी मीटिंग लागलीच तर त्याच दिवशी काहीही पाठवू नका. मुदत मागा, झालेले बोलणे स्वतःच्या शब्दांत ईमेलवर लिहून एचआरला कळवा, पगाराच्या स्लिपा आणि नेमणूकपत्र आधीच घरच्या ईमेलवर असू द्या आणि सही करण्यापूर्वी कामगार कायद्याच्या वकिलाला गाठा. कामगार आयुक्तांकडे तक्रार करायची वेळ आली, तर कामी येतील ते हेच कागद.