संपादक शुद्धलेखन तपासतो, एवढंच?

नव्याने लिहिणाऱ्यांमध्ये एक मजकूर खूप फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पुस्तकाचा संपादक म्हणजे शुद्धलेखन तपासणारा माणूस; ते काम आता सॉफ्टवेअर फुकटात करतं; वर तो लेखकाची शैली मारतो; आणि खऱ्या लेखकाला त्याची गरजच नसते.

शुद्धलेखनापासून सुरुवात करू. ते काम शेवटाकडे येतं आणि बरेचदा ते करणारी व्यक्तीही वेगळी असते. अनेक अनुभवी संपादक पहिलं वाचन हातात पेन न घेता करतात. कुठे लक्ष उडालं, कुठे मागची पानं पुन्हा चाळावी लागली, कुठे लेखकाचं म्हणणं पटलं नाही, हे आधी वाचक म्हणून जाणवायला हवं. मग लेखकाला सविस्तर पत्र जातं आणि त्यात वेलांट्यांचा विषयही नसतो. गोष्ट खरं तर चौथ्या प्रकरणात सुरू होते का? या दोन पात्रांचं काम एकानेच भागेल का? दावा मोठा आणि पुरावा तोकडा, असं झालंय का? हे मिटल्यावर वाक्यांवर काम, मग प्रत-संपादन, म्हणजे भाषा आणि तपशिलांचा मेळ तपासणं, आणि छपाईसाठी पानं लागल्यावर मुद्रितशोधन, म्हणजे त्या पानांतल्या चुका शोधणं. जे प्रकरण उद्या गळणार आहे, त्यातले स्वल्पविराम आज कोण तपासत बसेल?

सॉफ्टवेअर टंकनदोष पकडतं. जरूर वापरावं. पण प्रत-संपादक पुस्तकासाठी एक तक्ता करत जातो: नावं, ती कशी लिहायची, वयं, नाती, तारखा, ऋतू. पहिल्या प्रकरणातला डावखुरा अकराव्यात उजव्या हाताने सही करतो, आणि दोन्ही वाक्यं व्याकरणशुद्ध असतात. नवी साधनं अशा विसंगती दाखवूही लागली आहेत. तरी ती चूक आहे की लेखकाने मुद्दाम पेरलेली खूण, हे कुणीतरी लेखकाला विचारावंच लागतं.

शैली मारण्याचा आरोप मात्र हवेतला नाही. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरच्या 1981 च्या कथासंग्रहात संपादक गॉर्डन लिश याने निम्म्याहून अधिक मजकूर कापला. कार्व्हरने छपाई थांबवण्याची विनवणी केली, तरी पुस्तक निघालं. मूळ कथा 2009 मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाल्या. कापलेल्या कथा जास्त चांगल्या, असं मानणारे आजही आहेत. मला तो युक्तिवाद पुरेसा वाटत नाही, कारण पुस्तकावर नाव कार्व्हरचं होतं. पण या प्रकरणाचा इतका गाजावाजा झाला, तो ते नेहमीच्या रीतीला सोडून होतं म्हणूनच. रीत अशी की संपादक समासात शंका लिहितो, फार तर एखादा पर्याय सुचवतो, आणि निर्णय लेखकाचा. पात्राची बोली, लेखकाची लांबलचक वाक्यं, त्याची एखादी लकब यांची ‘बदलू नये’ अशी नोंदही त्याच तक्त्यात होते.

खऱ्या लेखकाला गरज नसते? नोव्हेंबर 1924 मध्ये संपादक मॅक्सवेल पर्किन्सने अमेरिकन कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्डला कळवलं की त्याच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीचा नायक गॅट्सबी धूसर वाटतो, आणि त्याच्या श्रीमंतीचा उगम थोडा सूचित व्हायला हवा. फिट्झजेराल्डने कबूल केलं की गॅट्सबी दिसतो कसा आणि करतो काय, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. मग दुरुस्त्या त्याने स्वतः केल्या, थेट छपाईआधीच्या मुद्रितांवर. पर्किन्सने त्याच्यासाठी त्या लिहून दिल्या नाहीत. संपादकाचं काम तिथवरच होतं.

त्या मजकुरातली एक तक्रार खरी आहे: संपादक म्हणून कुणीही पाटी लावू शकतो. हस्तलिखित न पाहताच पुस्तक खपेल अशी हमी देणारा भेटला, तर त्याला नमस्कार करून निघावं. इतरांकडून आधी चार-पाच पानांचं नमुना-संपादन करून घ्यावं. परत आलेल्या पानांवर नुसत्या दुरुस्त्या आहेत की काही प्रश्नही विचारलेत, ते बघावं.