पिकअपच्या शोधात

माझ्या गाडीला पिकअप नाही, हे मला सगळ्यात आधी एका सायकलवाल्याने सांगितलं. तोंडाने नाही. चढावर तो शेजारून पुढे गेला आणि जाता जाता काचेतून आत डोकावला. आत कोणी जिवंत आहे का, एवढंच पाहायचं असावं त्याला.

गाडी म्हणजे सुझुकीची एसजे ४१०, चारही चाकं ओढणारी छोटी जीप. पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा, खाली पाट्यांच्या स्प्रिंगा आणि बॉनेटखाली ९७० सीसीचं, जेमतेम ४५ हॉर्सपॉवरचं इंजिन. १९८१च्या सुमारास हे मॉडेल आलं, तेव्हा एवढ्या ताकदीत लोक दगडधोंड्यांतून सुखाने फिरत होते. त्यात सुधारणा करायला मी नव्हतो ना! मी बाहेरून ३० इंची टायर चढवले आणि आत चिखल नको म्हणून जाड रबरी मॅट अंथरली. मूळचे टायर २७ इंचांच्या आसपासचे. टायर ११ टक्क्यांनी उंच झाला की प्रत्येक गिअर तेवढाच लांबतो, म्हणजे इंजिनाला दुसऱ्या गिअरमध्येही तिसऱ्याचा घाम फुटतो. हे गणित मला टायर घेतल्यावर कळलं. माझी बहुतेक गणितं पावती फाटल्यावरच सुटतात.

चढावर रेस दाबून दाबून उजव्या बुटाचा तळ झिजला, तेव्हा ठरवलं की इंजिनच बदलायचं. स्वस्तात.

‘स्वस्तात’ हा शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दोनदा अधोरेखित केला. पुढच्या पानांवर तो पुन्हा कुठेही सापडत नाही.

इंजिन स्वस्तच मिळतं, त्याबद्दल वाद नाही. ठोकलेल्या छोट्या मोटारींची चांगली इंजिनं भंगारात ढिगाने पडलेली असतात. पण त्या मोटारींची पुढची चाकं ओढणारी, म्हणजे इंजिन त्यांच्यात आडवं झोपलेलं. माझ्या गाडीत ते लांबीत बसतं. आडव्या झोपणाऱ्याला सरळ झोपवलं की त्याचे हातपाय नको तिथे लागतात. पाण्याचा नळ आतल्या पत्र्यात घुसतो, स्पार्क प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर त्याच पत्र्याला पोचा पाडायला लावतो, सायलेन्सरचं तोंड स्टिअरिंगच्या दांड्यावर येतं. आणि त्याच्या ऑइल चेंबरला बिचाऱ्याला माहीतच नसतं की जगात सलग अ‍ॅक्सल नावाचा प्रकार असतो आणि खड्ड्यात चाक वर उचललं की तो खालून येऊन धडकतो.

हे टाळायला मी शास्त्रशुद्ध पद्धत अवलंबली. एका इंजिनाची लांबी-रुंदी-उंची मिळवली, त्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं केलं, चिकटपट्टीने नीट बंद केलं आणि बॉनेट उघडून आत सोडलं. खोकं असं बसलं की बस्स! चारही बाजूंना बोट जाईल एवढी जागा. बायकोला बोलावून दाखवलं. तिने खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “हेच ठेव. पेट्रोल तरी लागणार नाही.”

मेस्त्रींनीही खोकं पाहिलं. “साहेब, स्टार्टर कुठंय?”

खोक्याला स्टार्टर नव्हता. अल्टरनेटर नव्हता, पंख्याचा पट्टा नव्हता, एअर फिल्टर नव्हता. ही सगळी मंडळी धरून मी दुसरं खोकं केलं. ते बॉनेटच्या चार बोटं वर आलं.

मग एका मित्राने डिझेलचं खूळ डोक्यात भरवलं. फोक्सवॅगनचं जुनं १.६ लिटरचं साधं डिझेल इंजिन या गाड्यांत बसवणारे जगभर आहेत. पंप यांत्रिक, स्पार्क प्लगची भानगड नाही. चालवायला इंधन सोडणाऱ्या झडपेला एक वायर पोचली की काम झालं. त्याचाच धाकटा, टर्बोवाला १.९ लिटरचा टीडीआय ९० हॉर्सपॉवर आणि २०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, देतो. आकडा ऐकून मी रात्री झोपलो नाही. सकाळी मेस्त्रींना सांगितला. ते म्हणाले, “चांगलाय. मग गिअरबॉक्स?” माझ्या इंजिनाचा टॉर्क याच्या निम्म्यालाही पोचत नाही, आणि गाडीतला प्रत्येक दात, प्रत्येक शाफ्ट त्याच मापाने घडवलेला. वर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये अ‍ॅडाप्टर प्लेट हवी. ती नावाला प्लेट. चार भोकं पाडलेली ताटली समजून मी दर विचारला आणि खुर्ची ओढून बसलो. क्रँकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचा, आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य केसाएवढा जरी चुकला तरी बेअरिंग आणि क्लच यांचा निकाल लागतो, म्हणून तिची किंमत इंजिनाला लाजवते. मेस्त्री पुढे म्हणाले, “आणि ब्रेक? चारही जुने ड्रम ब्रेक आहेत ना तुमचे? पळायचं ठरलं, थांबायचं कुठं ठरवलंय?”

मी वहीत ‘ब्रेक’ लिहिलं.

नव्या इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या, इंजिनांकडे मी आशेने पाहिलं, कारण कार्ब्युरेटरशी, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भांड्याशी, माझं जुनं वैर. गाडी कडेवर कलली की त्याच्या फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे इवल्या टाकीतलं, पेट्रोल एका बाजूला जमतं आणि ऐन वेळी, एक चाक हवेत असताना, इंजिनाला उचकी लागते. इंजेक्शनला ही उचकी नाही. पण त्याला उच्च दाबाचा पंप हवा, टाकीकडे परतीचा पाइप हवा आणि सगळ्यांत वर बसलेलं ते कॉम्प्युटरचं डबडं. त्याला मूळ गाडीची किल्ली हवी असते, वेग सांगणारा सेन्सर हवा असतो, आणि यातलं काही मिळालं नाही की ते डॅशबोर्डवर दिवा लावून रुसून बसतं. जाणकार सांगतात की म्हणूनच नुसतं इंजिन घेऊ नये, ठोकलेली अख्खी गाडी घ्यावी. सल्ला शंभर टक्के खरा आहे. तो मी घरी मोठ्याने वाचून दाखवला, ही माझी चूक.

मोटरसायकलचं इंजिन सुचवणाऱ्याला रिव्हर्स गिअर कुठे आहे एवढंच विचारलं.

शेवटी सहा महिन्यांनी मी त्याच कुळात परतलो. सुझुकीचंच जी मालिकेतलं १.३ लिटरचं इंजिन. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचं, हलकं. माझ्या चार गिअरच्या बॉक्सला ते थेट जोडलं जात नाही, म्हणून तिच्याच थोरल्या बहिणीचा, एसजे ४१३चा, पाच गिअरचा बॉक्स सोबतच घ्यायचा. या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, छोट्या शाफ्टने जोडलेली वेगळी असते. त्यामुळे पुढचा संसार उचकटायचा नाही, तो शाफ्ट तेवढा मापाचा करायचा. निवड अगदी निरस होती. तिच्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, की ती बसणार होती.

इंजिन आलं. आवारात जुन्या टायरवर विराजमान झालं. चेन ब्लॉक लटकला. मेस्त्रींनी एअर फिल्टर काढला आणि केबल सोडण्याआधी म्हणाले, “साहेब, आत बसून जरा रेस दाबा.”

दाबली.

“दाबा ना.”

“दाबलीय.”

“पूर्ण दाबा.”

“मेस्त्री, पाय जमिनीला टेकलाय.”

बाहेर काही क्षण कसलाच आवाज आला नाही. मग त्यांचं डोकं बॉनेटच्या कडेने हळूच वर आलं. “जरा इकडं या.”

त्यांनी बायकोला पेडलवर बसवलं आणि मला कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहायला लावलं. बटरफ्लाय नावाची ती पितळी चकती, पूर्ण रेसवर उभी राहायला हवी. ती अर्ध्यावर तिरकी थांबली होती. मेस्त्री आत वाकले आणि पेडलखालून ती जाड रबरी मॅट ओढून काढली. चकती आणखी कलली. मग दहाचा पाना घेऊन केबलचं सैल झालेलं नट अडीच आटे आवळलं. चकती सरळ उभी राहिली.

आम्ही दोघेही चकतीकडे पाहत होतो. बायको पेडलवर असल्यामुळे तिला दिसत नव्हती, पण आमचे चेहरे दिसत होते.

“काय झालं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “अ‍ॅडजस्टमेंट.”

गाडी आता चढते. मोठ्या टायरांमुळे कुरकुर आहेच, पण सायकलवाले मागे राहतात. नवं इंजिन अजून आवारात, ताडपत्रीखाली आहे. कधी बसवणार, असं घरातून अधूनमधून विचारणा होते. माउंटिंगचा विचार चालू आहे, असं मी सांगतो. त्यातून तेल थोडं ठिबकतं, पण फरशीला डाग पडत नाही. खाली मॅट घातली आहे.