जमीन दिली नव्हती, मजुरी दिली होती

‘युद्धानंतर कॅनडाने पोलिश सैनिकांना जमिनी देऊन वसवलं’ हे लेखातलं वाक्य साफ चुकीचं आहे. १९४६ च्या अखेरीपासून १९४७ पर्यंत, दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढलेल्या जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यातले जे साडेचार हजारांच्या आसपास सैनिक तिथे गेले, ते दोन वर्षांच्या करारावर शेतमजूर म्हणून. जर्मन युद्धकैदी मायदेशी निघाल्यामुळे शेतांवर माणसं कमी पडत होती, ती जागा इटलीतली मोंते कासिनोची मोठी लढाई लढलेल्यांनी भरून काढायची! कराराची मुदत संपल्यावर बरेच जण शहरात, कारखान्यांत गेले. जे शेतीत राहिले, त्यांनी पै-पै साठवून स्वतःची जमीन घेतली. त्याला ‘दिली’ म्हणणं हा त्यांच्या कष्टांवर अन्याय आहे.

मी बरीच वर्षं मॅनिटोबात राहते. आमच्या शेजारच्या काकांचे वडील त्यांतलेच. शुगर बीटची विरळणी म्हणजे दिवसभर कमरेत वाकून, खुरप्याने एक रोप ठेवायचं आणि आजूबाजूची काढायची. तिशीतल्या सार्जंटला हे शेतमालकाचा शाळकरी मुलगा शिकवायचा, असं काका सांगतात. परत जायला गावच उरलं नव्हतं, पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला होता. आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या युद्धकाळातल्या निर्वासित छावणीत राहिलेल्या अनेक पोलिश कुटुंबांचीही तीच गत झाली. लेखकाने हे वाक्य कृपया दुरुस्त करावं.