‘किंमत इनबॉक्समध्ये’ लिहिणाऱ्या तायांशी थोडं भांडण

हाताने केलेल्या वस्तू विकायला ज्यांनी ज्यांनी पेज उघडलंय, त्यांच्याशी आज जरा भांडायचंय. वस्तू देखणी, फोटो झकास, आणि खाली काय? ‘किंमत इनबॉक्समध्ये.’ का गं बाई? चोरीचा माल आहे का?

कारणं मला पाठ आहेत. दुसऱ्यांना आपला भाव कळतो, आकडा बघून गिऱ्हाईक पळतं. पळू दे की! आकड्याला पळणारे इनबॉक्समध्ये येऊनही पळतातच, वर तुमचा अर्धा तास खाऊन जातात. आणि काहींना भाव विचारून मग ‘नको’ म्हणायचा संकोच वाटतो. ती माणसं विचारतच नाहीत, गुपचूप पुढे सरकतात. त्यातली निम्मी घेणारी असतील, काय सांगावं!

आम्ही साताऱ्यात वाकळा (जुन्या कापडाच्या गोधड्या) शिवतो, मी आणि आमच्या आत्या (म्हणजे सासूबाई). जुनी सुती लुगडी आणि हाताचा धावदोरा. घासाघीस होते ती मशिनच्या गोधडीशी तुलना करून. मग तो फरक दाखवायचा कुठे? पेजवरच की! भर दुपारी अंगणात फोटो काढला तर वाकळ सपाट चादरीसारखी दिसते. सकाळी दारातून तिरकं ऊन आलं की टाक्याटाक्याची सावली पडते आणि मधलं कापड फुगून वर येतं. उलटी बाजूही दाखवा. मशिनची शिलाई सलग रेघ असते; धावदोऱ्यात टाका, मग मोकळी जागा, मग परत टाका. आत्यांचा टाका माझ्यापेक्षा बारीक आहे, तेही लपत नाही. व्हिडिओ काढलात तर वर गाणं लावायची काही गरज नाही. दोरा ओढल्याचा आवाज तसाच राहू द्या.

‘रोज एक रील टाका’ हा क्लासवाल्यांचा सल्ला मात्र मला पटत नाही. एका वाकळेला आठवडे लागतात. रील लाखभर लोकांनी बघितलं तरी शिवणारे हात चारच. रोज रील करायचं तर शिवायचं कधी?

त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या. फुकट आहे, कॅटलॉगमध्ये फोटो, माप, किंमत सगळं एकदाच भरता येतं. स्टेटस मात्र २४ तासच राहतं, आणि एकमेकांचा नंबर सेव्ह असेल तरच दिसतं. म्हणून आम्ही पार्सलमध्ये ‘नंबर सेव्ह करा’ अशी चिठ्ठी घालतो आणि त्यांचा आम्ही करतो. आमची निम्मी विक्री जुन्या गिऱ्हाइकांच्या ओळखीतूनच होते.

किमतीत पाठवणावळ धरा. बरेच खासगी कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि जे जास्त येईल त्याचे पैसे लावतात. ४० बाय ३० बाय २५ चा खोका म्हणजे ६ किलो, आतली वाकळ दोन किलोची का असेना. गच्च घडी घालून दोरीने आवळा, मगच माप घ्या.

आणि एक. ‘मी आर्मीतून बोलतोय, पाच नग पाठवा, पैसे लगेच टाकतो’ असा फोन येतो. सोबत वर्दीतला फोटो, ओळखपत्र. आपल्या जिल्ह्यात हे फार लवकर खपतं, कारण अपशिंग्यासारख्या गावात घरटी फौजी, आपल्याही नात्यात कुणी ना कुणी असतोच. मग क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ म्हणतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. खऱ्या फौजीला तुमची वाकळ हवी असेल तर तो तुमच्या नंबरवर सरळ पैसे टाकेल. आमच्याकडून एकाने नेलीय, घासाघीसही केली नाही.