बांध कोरावा तर नॉर्थ कॅरोलिनात

शेजाऱ्याचा बांध कोरणं हे आपल्याकडचं पिढीजात शास्त्र आहे. दर नांगरटीला फाळ वीतभर पलीकडे न्यायचा, दहा वर्षांत दोन सऱ्या आपल्या. मग मोजणी येते, खुंट्या ठोकल्या जातात, भाऊबंद कुऱ्हाडी काढतात आणि नातवापर्यंत तारखा चालतात. एवढा आटापिटा करून पदरात काय, तर दोन सऱ्या! अंगात असली कला असेल तर ती इथे वाया घालवू नका. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना नावाचं राज्य आहे. तिथे जा आणि काँग्रेसची निवडणूक लढवा. (पंजावाली नव्हे. तिकडच्या संसदेलाच काँग्रेस म्हणतात.) तिथे बांध कोरण्याला गुन्हा म्हणत नाहीत, विधेयक म्हणतात.

पात्रता फार नाही. वय २५, नागरिकत्व सात वर्षांचं आणि निवडून येताना त्या राज्यात मुक्काम. राज्याची राजधानी रॅली (सभा नव्हे, शहराचं नाव), तिच्याजवळच्या केरी, मॉरिसव्हिल भागात आपली माणसं पुष्कळ आहेत, गणपतीत मोदकाचीही सोय होईल. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्यांनी मात्र हा लेख नातवंडांसाठी जपून ठेवावा.

पहिली चूक तुम्ही करणार ती ही, की मतदारांना भेटायला निघाल. पदयात्रा, हळदीकुंकू, लग्नात अक्षता, मयताला खांदा. अहो, किती जुन्या वळणाचे तुम्ही! मतदाराला भेटून मतदार बदलत नसतो. मतदार बदलायचा असेल तर नकाशा बदलावा लागतो, आणि तो रॅलीच्या विधिमंडळात बदलतात. आपल्याकडे मतदारसंघांची फेररचना करायला वेगळा आयोग असतो, त्याच्या नावाने बोटं मोडता येतात. तिथे ज्यांच्या पक्षाला फायदा होणार तेच आमदार बसून रेघा ओढतात. कुंपणच शेत खातं, अशी आपण रडगाण्याच्या सुरात तक्रार करतो. तिथे कुंपणाला तसा रीतसर अधिकार आहे. गव्हर्नर तिथे लोकांनी निवडलेला असतो, पण १९९६ साली त्याच्या हाती नकाराधिकार दिला तेव्हा मतदारसंघांचे नकाशे त्यातून वगळले. बाकी कशावरही त्याने फुली मारावी. बांधाकडे मात्र त्याने फक्त बघायचं.

आता हे पाप एकाच पक्षाच्या माथी मारू नका, कलेचा अपमान होईल. शास्त्राचा पाया तिथे डेमोक्रॅटांनी घातला. १९०१ नंतर या राज्यातून एकही कृष्णवर्णीय खासदार गेला नव्हता. नव्वदच्या जनगणनेनंतर केंद्राच्या न्याय खात्याने सांगितलं, कृष्णवर्णीय बहुमताचे दोन मतदारसंघ करा. डेमोक्रॅटांनी केले, पण स्वतःच्या जुन्या खासदारांच्या वाफ्याला धक्का न लावता. त्यातून जन्माला आला बारावा मतदारसंघ. शार्लट आणि डरहमच्या वस्त्यांना सांधत, पंचाऐंशी नंबरच्या महामार्गाला बिलगून तो जवळपास १६० मैल सरपटत गेला. काही ठिकाणी त्याची रुंदी महामार्गाएवढीच. एका परगण्यात उत्तरेकडे जाणारी गाडी एका मतदारसंघात आणि दक्षिणेकडे जाणारी दुसऱ्यात, तर पुढच्या परगण्यात दोघींची अदलाबदल. मिकी मिशो नावाचे आमदार म्हणाले होते, गाडीची दोन्ही दारं उघडी ठेवून या महामार्गाने गेलात तर या मतदारसंघातली बहुतेक माणसं माराल. हे वाक्य पुढे १९९३ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रात छापून आलं. आपल्याकडे बांधाच्या भांडणातला कुठला टोमणा इतक्या वर पोचलाय?

तर शास्त्र. यात क्रिया दोनच, कोंबणे आणि विखुरणे. विरोधकांची माणसं दोन-चार मतदारसंघांत पोत्यात भरावी तशी ठासून कोंबायची. तिथे ते वाजतगाजत जिंकतात, फटाके उडवतात, उडवू द्यावेत. उरलेली माणसं मग इतरत्र चिमूट चिमूट अशी पसरायची की आमटीत हिंग आहे की नाही, कळूच नये. पुढे नांगर रिपब्लिकनांच्या हाती आला. त्यांनी आखलेल्या नकाशावर २०१२ साली या राज्यात काँग्रेससाठी पडलेल्या एकूण मतांत डेमोक्रॅट पुढे होते. जागा किती मिळाल्या? १३ पैकी ४. हिशेब चुकला असं वाटत असेल तर अजून तुमचा हात बसलेला नाही, सराव करा.

इथे एक पथ्य मात्र कडक पाळायचं. लोकसंख्या. प्रत्येक मतदारसंघात माणसं सारखी, सध्या सुमारे ७ लाख ४५ हजार, आणि फरक जमल्यास एका माणसाचा. मुंडकी मोजताना तुम्ही सोनाराला लाजवाल इतके काटेकोर असलं पाहिजे. तराजू असा झकास असला की तराजूत काय घातलंय हे कोणी विचारत नाही.

दुसरं पथ्य, खोटं बोलू नका. गरज नाही. आपल्याकडचा बांधकोऱ्या रात्री जातो आणि सकाळी शपथा घेतो. २०१६ साली कोर्टाने जुना नकाशा वंशभेदावरून फेटाळला तेव्हा नव्या नकाशाच्या समितीत डेव्हिड लुईस या रिपब्लिकन आमदारांनी भर बैठकीत सांगितलं की नकाशा १० रिपब्लिकन आणि ३ डेमोक्रॅट असा फायदा देणारा आखावा, कारण ११ आणि २ असा आखणं शक्य आहे असं मला वाटत नाही. पाहा, किती विनय! गड्याने अकराव्या सरीचा मोह सोडला तो परमार्थ म्हणून नव्हे, नांगर पोचत नव्हता म्हणून. नोव्हेंबरात निकाल लागला, १० आणि ३. निवडणूक आयोगाची धावपळ उगाच झाली.

त्या नकाशातली एक रेघ मला फार आवडते. ग्रीन्सबरो गावात एक मोठं, ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठ आहे. १९६० साली इथलीच चार पोरं गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहात जाऊन बसली होती आणि देशभर तसे सत्याग्रह पेटले. ती रेघ या विद्यापीठाच्या आवारातून गेली. अर्धी पोरं सहाव्या मतदारसंघात, अर्धी तेराव्यात, आणि दोन्हीकडचे खासदार रिपब्लिकन. एखादा पोरगा वसतिगृहातून निघून वाचनालयापर्यंत जाईस्तोवर त्याचा खासदार बदलत असेल. पुस्तक परत करायला निघाला की जुना परत.

कोर्टाची भीती वाटते? वाटू द्या, पण घाबरू नका. हेच प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. सोबत मेरीलँड राज्याचंही होतं, तिथला नकाशा डेमोक्रॅटांनी कोरलेला. जून २०१९ मध्ये सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की असं करणं लोकशाहीच्या तत्त्वांत बसत नाही खरं, पण पक्षीय फायद्यासाठी ओढलेल्या रेघा तपासणं केंद्रीय न्यायालयांचं काम नाही. म्हणजे तलाठ्याने शेतात येऊन म्हणावं, बांध कोरलेला स्पष्ट दिसतोय बाबा, चहा टाक.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा. चिल्लर कामं करू नका. २०१८ साली नवव्या मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवार मार्क हॅरिस ९०५ मतांनी पुढे होते. बोंब उठली की ब्लेडन परगण्यात त्यांच्या प्रचारासाठी घेतलेला एक इसम माणसं पाठवून घरोघरच्या टपाली मतपत्रिका गोळा करत होता. लगेच सुनावणी, साक्षीपुरावे, टीव्हीचे कॅमेरे. खुद्द हॅरिस यांच्या वकील मुलाने साक्षीत सांगितलं, या माणसाबद्दल मी वडिलांना आधीच सावध केलं होतं. अख्खी निवडणूक रद्द झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पुन्हा घ्यावी लागली. त्या इसमावर खटला भरला, तो उभा राहण्याआधीच तो वारला. काहीशे मतपत्रिकांपायी केवढं हे रामायण! लाखभर माणसं रेघ ओढून या वाफ्यातून त्या वाफ्यात ढकलली असती तर कोणी नाव पुसलं नसतं. हॅरिस यांच्यावर गुन्हा दाखल झाला नाही, हेही सांगितलं पाहिजे. २०२४ मध्ये ते शेजारच्या आठव्या मतदारसंघातून रीतसर काँग्रेसमध्ये गेले.

मधेच कधीतरी राज्याचं सर्वोच्च न्यायालय तुमच्यावर उलटेल. २०२२ मध्ये उलटलं. नकाशा फेटाळला, कोर्टाने स्वतः दुसरा आखून घेतला आणि त्यावर निकाल लागला ७ आणि ७. राज्यात दोन्ही पक्ष साधारण तुल्यबळ आहेत, त्यामुळे हा निकाल काहींना बरोबरही वाटला. पण त्या राज्यात न्यायाधीशसुद्धा निवडणुकीने येतात, आणि त्याच नोव्हेंबरात न्यायालयाचा रंग पालटून रिपब्लिकन झाला. एप्रिल २०२३ मध्ये नव्या बहुमताने जुना निकाल फिरवला, ऑक्टोबरात नवा नकाशा आला, २०२४ मध्ये निकाल रिपब्लिकन १० आणि डेमोक्रॅट ४. माणसं तीच, घरं तीच, कुत्री तीच. त्याच दिवशी त्याच मतदारांनी राज्यभरातून गव्हर्नर मात्र डेमोक्रॅट निवडला, कारण राज्याच्या सीमेला अजून कोणी फाळ लावलेला नाही.

त्या नकाशाच्या वेळी राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती होते रिपब्लिकन टिम मूर. चौदाव्या मतदारसंघातले डेमोक्रॅट खासदार जेफ जॅक्सन यांच्या पायाखालची जमीन नव्या नकाशाने अशी सरकवली की त्यांनी काँग्रेसचा नाद सोडला आणि महाधिवक्तापदाची निवडणूक लढवली (ती राज्यभराची, म्हणून जिंकले). रिकाम्या झालेल्या चौदाव्यातून काँग्रेसमध्ये कोण गेलं? टिम मूर. स्वतःच्या मापाचा सदरा शिवून घ्यायला शिंपी ओळखीचा लागतो. शिंपीच स्वतः असलात तर प्रश्नच मिटला.

एवढं झाल्यावर नोव्हेंबरातली निवडणूक म्हणजे साखरपुड्यानंतरचं कांदेपोहे. काही मतदारसंघांत समोरच्या मोठ्या पक्षाने २०२४ मध्ये उमेदवारच दिला नाही. खरी झुंज असते ती पक्षांतर्गत, प्रायमरीत, आणि तिथे फार लोक फिरकत नाहीत. २०१६ साली तेराव्यात रिपब्लिकन पक्षाचे १७ इच्छुक होते. टेड बड २० टक्के मतं घेऊन पहिले आले आणि खासदार झाले. आज ते सेनेटर आहेत. आपल्याकडे हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी व्हायलासुद्धा याहून जास्त लोकांना चहा पाजावा लागतो.

राहायचं कुठे, हा प्रश्न मला केरीच्या एका भाच्याने विचारला. जिथून लढायचं त्याच मतदारसंघात घर हवं का? नको. घटनेत राज्य म्हटलंय, मतदारसंघ नाही. मतदारसंघाच्या मागे धावूही नये. मॅडिसन कॉथॉर्न या तरुण खासदाराने २०२१ मध्ये आपला अकरावा सोडून शेजारचा नवा तेरावा धरायचं जाहीर केलं. कोर्टाने तो नकाशाच रद्द केला, गडी मुकाट्याने अकराव्यात परतला आणि प्रायमरीत पडला. बांध सरकत असताना एका जागी उभं राहावं, बांध आपणहून येतो. २०१२ ते २०२६ या काळात आठ निवडणुका आणि सहा नकाशे. भाचा सोळा वर्षं एकाच घरात राहतो, पण आपण कुठे राहतो हे दर वेळी पत्ता टाकून तपासतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सहावा नकाशा मंजूर झाला. पहिल्या मतदारसंघातले डेमोक्रॅट डॉन डेव्हिस २०२४ मध्ये कसेबसे तगले होते, आता त्यांचा बांध कोरला आहे, हेतू ११ आणि ३. २०१६ साली लुईससाहेबांना अकरावी सरी अशक्य वाटली होती. तेव्हा मतदारसंघ १३ होते, आता १४ आहेत, नांगरही सुधारलेत.

तेव्हा बॅगा भरा. विमानतळावरून गाडी घ्याल तेव्हा पंचाऐंशी नंबरच्या महामार्गाने जाताना दारं नीट लावून घ्या. बारावा मतदारसंघ सध्या शार्लटच्या आसपास आक्रसून बसलाय, हायवेवर नाही. पण तुम्ही उतराल त्या दिवशी तो कुठे असेल, याची खात्री रॅलीतही कोणी देणार नाही.