चलानाच्या कोर्टातले न्यायाधीश आणि त्यांचं पेन्शन

महाराष्ट्रात 'ट्रॅफिक न्यायाधीश' असं वेगळं पद नाही. वाहतुकीचे खटले चालवणाऱ्याला पेन्शन मिळणार का, आणि किती, हे त्या खुर्चीवरून ठरत नाही, नेमणुकीच्या आदेशावरून ठरतं. बहुतेक गैरसमज इथेच होतात.

नियमित प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी हा न्यायिक सेवेतला अधिकारी. तो साठाव्या वर्षी निवृत्त होतो, आणि तेही वाटेत सेवेचा आढावा पार पडला तर. वय अठ्ठावन्नवरून साठवर नेताना सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच ही अट घातली होती. आढाव्यात अधिकारी पुढच्या सेवेस योग्य ठरला नाही, तर सेवा आधीच संपते. उच्च न्यायालयातले बासष्ट आणि सर्वोच्च न्यायालयातले पासष्ट हे वय इथे लागू नाही.

विशेष न्यायदंडाधिकाऱ्याचं प्रकरण अगदी वेगळं. किरकोळ खटल्यांचा ढीग उपसण्यासाठी सरकारच्या विनंतीवरून उच्च न्यायालय अशा नेमणुका करू शकतं. सरकारी पदावर असलेल्या किंवा पूर्वी राहिलेल्या व्यक्तीला हे अधिकार देता येतात. मुदत एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष. ही पेन्शनपात्र सेवा नव्हे. पाच वेळा मुदतवाढ मिळाली तरी पाच वर्षांची सेवा झाली असं होत नाही. आधीच्या नोकरीचं पेन्शन असेल तेवढंच.

आता रकमेकडे येऊ. न्यायमूर्ती पी. व्यंकटराम रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाच्या पेन्शनविषयक शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी मान्य केल्या. त्यांचा हिशेब १ जानेवारी २०१६ पासून. पूर्ण पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं, कुटुंब निवृत्तिवेतन तीस टक्के. समजा, वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश १,६३,०३० रुपये मूळ वेतनावर निवृत्त झाले, तर पेन्शन ८१,५१५ आणि कुटुंब निवृत्तिवेतन ४८,९०९ रुपये. महागाई भत्ता वेगळा. पंचाहत्तरी झाली की मूळ पेन्शनवर दहा टक्के जादा, ऐंशीला वीस, आणि पुढेही वाढतच जातं.

हे सगळं जुन्या पेन्शनवाल्यांचं. राज्य सेवेत १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर आलेल्यांसाठी दरमहा ठरावीक हिस्सा जमा करायची परिभाषित अंशदान योजना, म्हणजे पुढे एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) आली, आणि न्यायिक अधिकारीही त्यात ओढले गेले. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के अधिकाऱ्याचे, चौदा टक्के सरकारचे. निवृत्तीला साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हातात आणि किमान चाळीस टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून नियमित मिळणारी रक्कम, घ्यायची. वार्षिकीला महागाई भत्ता लागत नाही, खरी मेख इथेच आहे. बाकी सगळं सारखं असूनही एक जण ऑक्टोबरात रुजू झाला आणि दुसरा डिसेंबरात, म्हणून एकाचं पेन्शन महागाईबरोबर वाढतं आणि दुसऱ्याचं बाजारावर अवलंबून राहतं. हे मला मुळीच पटत नाही. न्यायाधीश हा सरकारचा नोकर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे. ज्या सरकारविरुद्ध तो रोज निकाल देऊ शकतो, त्या सरकारच्या वित्त विभागाच्या परिपत्रकावर त्याचं म्हातारपण सोपवू नये. वेतन आयोगानेही न्यायिक अधिकाऱ्यांना एनपीएसमधून वगळा, असंच सुचवलं होतं.

प्रकरणं अडतात ती मात्र साध्या कागदांवर. आधी सरकारी नोकरीत असलेल्यांनी योग्य मार्गाने अर्ज केला आणि परवानगी घेऊन राजीनामा दिला, तरच ती सेवा जोडली जाते. राजीनाम्याच्या पत्रात नव्या नियुक्तीचा उल्लेख नसेल, तर नुसता राजीनामा मानून मागची सेवा जप्त होऊ शकते. वकिलीतून थेट जिल्हा न्यायाधीश झालेल्यांना वकिलीची जास्तीत जास्त दहा वर्षं पेन्शनसाठी धरता येतात, पण त्या वकिलीचे पुरावे साठाव्या वर्षी शोधत बसण्यापेक्षा रुजू होतानाच सेवापुस्तकात लावून घ्यावेत. रजेच्या नोंदी, बदलीच्या वेळचा पदग्रहण अवधी आणि वेतननिश्चितीची पडताळणी यांतलं काहीही राहिलं, तर महालेखापालांच्या मुंबई किंवा नागपूर कार्यालयातून प्रकरण हरकतीसह परत येतं आणि तोवर तात्पुरत्या पेन्शनवर भागवावं लागतं. नामनिर्देशन लग्नानंतर बदललेलं नसणं ही नेहमीची चूक. पंचावन्नाव्या वर्षी सेवापुस्तक स्वतः पानन् पान तपासून घ्या. चूक सापडली तर ज्या जिल्ह्यात तो काळ गेला तिथल्या आस्थापना शाखेला लगेच लेखी कळवा. पाच वर्षं हातात असतात, तोवर ती नोंद करणारा लिपिक आणि मूळ हजेरीपट सापडण्याची शक्यता तरी असते.