युदित लेस्टर ही हाल्सची नक्कल नव्हे

सतराव्या शतकातील डच चित्रकर्ती युदित लेस्टर हिच्याविषयी एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे: ती त्याच काळातील प्रसिद्ध डच चित्रकार फ्रान्स हाल्सची शिष्या होती, त्याच्या शैलीची नक्कल करी, हयातीत तिला कोणी ओळखत नव्हते आणि लग्न होताच तिने कुंचला कायमचा खाली ठेवला.

हाल्सकडे तिने उमेदवारी केल्याची एकही नोंद उपलब्ध नाही. दोघे हार्लेम या डच शहरातले, आणि तिच्या हसऱ्या वादकांवर त्याचा प्रभाव दिसतो, हे मान्य. मात्र १६३३ मध्ये ती सेंट ल्यूक या चित्रकार-संघाची सदस्य झाली, म्हणजे स्वतःची चित्रशाळा चालवण्याचा आणि शिष्य ठेवण्याचा हक्क तिला मिळाला. १६३५ मध्ये तिचा एक शिष्य तीन दिवसही न टिकता हाल्सकडे गेला, तेव्हा तिने सरळ दाद मागितली. मागितलेल्या ८ गिल्डरपैकी (गिल्डर हे तेव्हाचे डच नाणे) ४ मुलाच्या आईकडून मिळाले, हाल्सला ३ गिल्डर दंड भरावा लागला, आणि शिष्याची संघात नोंद न केल्याबद्दल दंड तिलाही झाला. हा तंटा दोन बरोबरीच्या व्यावसायिकांमधला आहे.

नकलेचा आरोप करणाऱ्यांनी हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातले तिचे १६३१ चे चित्र पाहावे. जेमतेम ३१ सेंटिमीटर उंचीच्या त्या फळीवर दिव्याच्या उजेडात एक स्त्री शिवणात गढली आहे. केसाळ टोपी घातलेला पुरुष तिच्या खांद्यावर हात टेकवून ओंजळीतली नाणी पुढे करतो, आणि ती मान वर करीत नाही. ही कोंडलेली शांतता हाल्सच्या मोकळ्या, खळखळत्या चित्रांतून आलेली नाही.

अनामिकतेचे म्हणावे, तर १६४८ मध्येच हार्लेमचा इतिहास लिहिणाऱ्या स्क्रेव्हेलियसने तिला कलेतील ‘मार्गदर्शक तारा’ म्हटले होते, कारण तिच्या आडनावाचा अर्थच ध्रुवतारा. विस्मरण नंतरचे आहे. आद्याक्षरांना जोडून ती काढत असलेली चांदणी खरेदीदारांनी ओळखली नाही, आणि तिची चित्रे हाल्सची म्हणून विकली गेली. १८९३ मध्ये हॉफस्टेडे द ख्रोट या अभ्यासकाने ती खूण वाचून सात चित्रे तिच्या नावे परत केली.

१६३६ मध्ये चित्रकार यान मिन्स मोलेनार याच्याशी लग्न झाल्यावर तिची चित्रे फारच विरळ झाली, एवढे मात्र खरे. पाच मुले झाली, त्यांपैकी दोनच जगली. तरीही १६४३ चे तिचे ट्युलिपचे चित्र आणि १६५४ चे फुलांचे स्थिरचित्र आज आपल्यासमोर आहेत. पतीच्या मृत्यूनंतर, १६६८ मध्ये केलेल्या मालमत्तेच्या यादीतही काही चित्रे ‘मृताच्या पत्नीची’ म्हणून नोंदलेली आहेत.